रविवारची गणपतीपुळे सहल : खाऊची सूचना

मैत्रिणींनो, रविवारी सकाळी 6 वाजता शिवाजी पुलाजवळ जमायचं आहे. प्रत्येक गाडीत घरी भाजलेल्या खाऊचा एक डबा हवाच. कोण काय आणणार ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.

- नानकटाई किंवा गुळाचा रवा केक उत्तम. क्रीम, आयसिंग नको. बंद गाडीत वितळतं.
- नानकटाईला 2 वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, 1 वाटी पिठीसाखर, 1 वाटी थिजलेलं तूप. तूप पातळ असलं की ती पसरते. 170 अंशांवर 15-18 मिनिटं. काढताना मऊच लागते, म्हणून जास्त भाजू नका. गार झाली की खुसखुशीत होते.
- शनिवारीच भाजा. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावू नका, वाफेनं सगळं नरम पडतं.
- स्टीलचा डबा गच्च भरा, थरांमध्ये बटर पेपर घाला. जागा मोकळी राहिली तर आंबा घाटाच्या वळणांत नुसता चुरा होतो.