गोल्ड ब्लफ्स बीचच्या कॅम्प होस्ट काका-काकूंना मनापासून धन्यवाद

आदरणीय काका-काकू,

सप्रेम नमस्कार.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या प्रेरी क्रीक रेडवुड्स स्टेट पार्कात, कडा आणि समुद्र यांच्यामधल्या त्या अरुंद वाळूपट्टीवर तुम्ही स्वयंसेवक म्हणून मुक्काम करता आणि तंबू ठोकायला आलेल्या प्रत्येकाला त्याच सूचना न कंटाळता समजावून सांगता. तुमचं सांगणं इथल्या मराठी घरांपर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र मराठीत लिहून सगळ्यांसमोर ठेवतो आहोत. तुमच्यासाठी इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे.

सर्वांत मोठे आभार मार्बल्ड मरलेट या पक्ष्यासाठी. खाण्याचा कणही मागे ठेवू नका, ही सूचना रेडवुड या उंच झाडांच्या जंगलातल्या कॅम्पग्राउंडवर असतेच, पण नुसती पाटी वाचून कुणी वाकून शेव वेचत नाही. तुम्ही कारण सांगता, म्हणून माणूस वाकतो. मरलेट हा जेमतेम नऊ-दहा इंचांचा समुद्रपक्षी. मासे समुद्रात पकडतो, अंडं मात्र जंगलात घालतो, तेही एका वेळी एकच, जुनाट झाडाच्या उंचावरच्या जाड, शेवाळलेल्या फांदीवर. घरटं विणत नाही. शेवाळातला खोलगट भाग त्याला पुरतो. त्यामुळे ते कुणाला दिसतच नसे. कॅलिफोर्नियात त्याचं घरटं पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९७४ साली, बिग बेसिनच्या जंगलात. १९९२ पासून तो या किनाऱ्यावर कायद्याने संरक्षित आहे.

त्याचा घात होतो तो आपल्या टेबलाखालच्या चुऱ्यामुळे. निळ्या अंगाचा, काळ्या तुऱ्याचा ‘स्टेलर्स जे’ हा पक्षी आणि आपल्या डोमकावळ्याच्या जातकुळीतला रेव्हन हे दोघे हुशार, आणि जागा लक्षात ठेवणारे. कॅम्पवर रोज दाणे मिळाले की ते तिथेच ठाण मांडतात, त्यांची संख्या वाढते, आणि आसपासच्या फांद्या धुंडाळताना मरलेटचं अंडं किंवा पिल्लू त्यांच्या हाती लागतं. अंडं एकच असल्याने त्या जोडीचा तो हंगाम बहुधा वायाच जातो. मरलेटचा विणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे नेमका आपला कॅम्पिंगचा हंगाम.

हे मराठी माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. कावळ्याला घास ठेवणं, पाखरांना मूठभर तांदूळ टाकणं हे आपल्याकडे पुण्याचं काम. मुलांनाही आपण तेच शिकवतो. या जंगलात त्याच घासाने दुसऱ्या पाखराचं पिल्लू जातं, हे तुमच्याकडून एकदा ऐकलं की मुलं आईवडिलांपेक्षा कडक पहारा ठेवतात.

आपल्या डब्यात सांडणारं फार असतं, म्हणून तुमचा नियम मराठी स्वयंपाकाला असा लावावा लागतो. चिवडा, शेव, फरसाण पिशवीतून मुठीने खायचं नाही. रुंद तोंडाच्या बरणीतून वाटीत घ्यायचं आणि टेबलावर बसूनच खायचं. लाडू ताटलीवर फोडायचा. पोळ्या घरून करून आणायच्या. वाऱ्यावर पीठ उडतं आणि ते वेचता येत नाही. टेबलाखाली जुनी चादर अंथरली तर जेवणानंतर ती चार कोपरे उचलून थेट कचऱ्याच्या डब्यात झटकता येते. जमिनीवरून कण वेचण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. भांडी घासण्याआधी ताटं कागदाने पुसायची, धुतलेलं पाणी चहाच्या गाळणीतून गाळायचं, शितं आणि डाळ कचऱ्यात, पाणी ठरवून दिलेल्या जागी. झुडपात ओतलेल्या वरणाच्या पाण्यातली चार शितं ‘स्टेलर्स जे’ला पुरेशी असतात. केळ्याची साल कुजून जाईल म्हणून टाकायची नाही. आणि टेबलावर काही उघडं असताना सगळ्यांनी एकदम उठायचं नाही; पक्षी तेवढीच वाट पाहत असतो.

काळ्या अस्वलांपासून सामान वाचवायला प्रत्येक जागेवर लोखंडी पेटी असते. तिच्यात फक्त अन्न ठेवायचं असा बहुतेकांचा समज असतो. मसाल्याचा डबा, खरकट्या वासाचा कुकर, टूथपेस्ट, खोबरेल तेल, बाळाचे ओले वाइप्स, सगळं आत जायला हवं, आणि खटका नीट बसला की नाही हे हाताने ओढून पाहायला हवं. रात्री प्रत्येक जागेवर टॉर्च घेऊन हे तुम्ही आपुलकीने विचारता, त्याबद्दल वेगळे आभार.

वाळूत तंबू ठोकणं हा घाटावरच्या ट्रेकपेक्षा निराळा प्रकार आहे. नेहमीच्या बारीक खुंट्या वाळूत धरत नाहीत. दुपारनंतर समुद्रावरचा वारा जोर धरतो आणि त्या उपटून येतात. तुमची युक्ती अशी: कापडी पिशवीत वाळू भरायची, तिला तंबूची दोरी बांधायची, फूटभर खोल आडवी पुरायची आणि वरून पाय देऊन वाळू दाबायची. उन्हाळ्यात धुकं दिवसभर रेंगाळतं, म्हणून तंबूच्या वरच्या जाळ्या बंद करू नयेत. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की श्वासाचीच वाफ कापडावर जमते आणि पहाटे झोपायच्या पिशव्या भिजतात. जुलैतही लोकरीची टोपी लागते.

एल्कबद्दल तुम्ही आवाज थोडा चढवता, ते योग्यच आहे. रूझवेल्ट एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातला, अंगाने मात्र खूप थोराड. कळप कॅम्पमधून निवांत चालत जातो, त्यामुळे तो माणसाळलेला वाटतो आणि लोक फोटोसाठी पुढे सरकतात. किमान ७५ फूट अंतर हवं. हात लांब करून अंगठा उभा धरायचा; अंगठ्याआड अख्खा एल्क झाकला गेला नाही तर आपण फार जवळ आहोत. मे-जूनमध्ये पाडसं गवतात दडलेली असतात आणि मादी अंगावर येते. ऑगस्टअखेरपासून माजावरचे नर येतात. कळप वाटेत बसला असेल तर थांबायचं किंवा लांबून वळसा घालायचा, मधून जायचं नाही.

फर्न कॅन्यन या जवळच्या अरुंद घळीसाठी तुमचा सल्ला थोडक्यात: १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात दिवसापुरतं गाडीने येणाऱ्यांना आगाऊ परवाना लागतो. तिकडे जाणारा डेव्हिसन रस्ता कच्चा आहे, ट्रेलरला बंदी आहे, आणि कॅम्पच्या पुढे ओढे रस्त्यावरून वाहतात, तिथे बसकी गाडी अडकते. कॅन्यनमध्ये सुमारे पन्नास फुटी भिंती नेच्यांनी मढलेल्या आहेत आणि वाट ओढ्यातूनच जाते. लाकडी फळ्यांचे साकव फक्त उन्हाळ्यात असतात, तरीही पाय भिजतात. घट्ट बसणारे, भिजले तरी चालतील असे बूट हवेत. चपला गाळात अडकतात. दिवसभर चालायची तयारी असेल तर जेम्स आयर्विन वाटेने कॅन्यनकडे उतरून मायनर्स रिजवरून परतायचं, साधारण बारा मैल. फोनला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

समुद्राबद्दल तुम्ही प्रत्येक मुलाला थांबवून सांगता, ते मोठ्यांनीही ऐकावं. कोकणातल्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहायची सवय इथे धोक्याची आहे. बराच वेळ लाटा लहान असतात आणि अचानक एक मोठी लाट खूप वरपर्यंत येते. पाणी इतकं गार की हातपाय लवकर बधिर होतात. ओल्या वाळूवरच्या ओंडक्यावर बसू नये. पाणी आलं की तो लोळतो आणि माणूस खाली सापडतो. समुद्राकडे पाठ करायची नाही, हे तुमचं वाक्य आता मुलंच मोठ्यांना ऐकवतात.

पुढच्या खेपेला येताना सात-आठ जास्तीच्या गाळण्या आणि दोन जुन्या चादरी तुमच्याकडे ठेवायला आणतो आहोत. ज्यांच्याकडे नसतील त्यांना देत जा. सोबत या सूचनांचा एक पानी मराठी कागदही देऊ. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्या हातात तोच द्यावा.

आपले ऋणी,
सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली काही मराठी कुटुंबं