बातमी खरी होती, पण अर्धीच छापली

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात शेवटच्या पानावर शरीरातल्याच पेशी स्तनाच्या कॅन्सरचा खात्मा करणार अशी मोठ्या टायपात बातमी आली, ती वाचून रात्री झोप लागली नाही. बातमी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसात तुम्ही जवळपास हीच बातमी छापली होती. तेव्हाही हा इलाज कोणासाठी आहे, कुठं मिळते, अजून प्रयोगात आहे का, यातलं काहीच त्यात नव्हतं. त्याचा त्रास आमच्या घरानं भोगला म्हणून हे पत्र लिहून राहिली आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना तेव्हा नागपूरला किमो सुरू होता. गाठ त्यांनी आधीच बरेच महिने अंगावर काढली होती, निंदण होऊ दे, पोराचं ऍडमिशन होऊ दे, असं करत करत. किमोनं केस गेले, तोंडात छाले आले, खाल्लेलं पोटात टिकत नव्हतं. अशात तालुक्याहून एक माणूस मोटरसायकलवर घरी आला, कोणत्या गावात कॅन्सरचा पेशंट आहे हे या लोकांना बरोबर समजते, कोण सांगते देव जाणे. त्याच्याजवळ तुमच्या पेपरचं कात्रण होतं, लॅमिनेट केलेलं, हेडिंगखाली लाल पेनानं रेघ मारलेली. ते जाऊबाईंच्या हातात देऊन म्हणे, वहिनी, पेपरवालेच सांगून राहिले ना, आपल्या पेशीच कॅन्सरला मारतात, अन किमो तर त्या पेशीच मारून टाकते, आमची पावडर पेशी वाढवते. गुलाबी झाकणाची बरणी, आत पिवळी भुकटी, वर ना कंपनीचा पत्ता ना लायसन नंबर. कापसाचा चुकारा नुकताच हाती आला होता, भासऱ्यांनी तो त्याच्या हातावर ठेवला.

जाऊबाई पुढच्या किमोला गेल्या नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाही. आम्हाला सांगितलं की दवाखान्यानंच तारीख पुढं ढकलली. देव्हाऱ्यामागं बरणी अन कात्रणाची झेरॉक्स सापडली तेव्हा खरं काय ते कळलं. नागपूरला नेलं तोवर बसत आलेली गाठ परत वाढली होती. डॉक्टर साहेब ओरडले नाहीत. ती झेरॉक्स पूर्ण वाचली, टेबलावर पालथी ठेवली अन म्हणाले, बाई, हे तुमच्यासाठी नाही, हे आपल्याकडं अजून कोणासाठीच नाही.

हे एक वाक्य तुमच्या बातमीत पाहिजे होतं साहेब.

मी हायस्कूलात विज्ञान शिकवते, त्यानंतर या विषयावर जे सापडलं ते वाचून काढलं. तुमच्या बातमीमागं ज्या बाई आहेत त्या अमेरिकेत फ्लोरिडाच्या जुडी पर्किन्स, त्यांचा स्तनाचा कॅन्सर यकृतापर्यंत पसरला होता अन सगळे इलाज थकले होते. तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या टीमनं त्यांच्या गाठीचा तुकडा काढला, कॅन्सरच्या जीन्समध्ये 62 बदल सापडले, अन गाठीत शिरलेल्या पांढऱ्या पेशींपैकी ज्या त्यातले चार बदल ओळखत होत्या तेवढ्याच निवडून लॅबमध्ये वाढवल्या. आठ हजार कोटींहून जास्त पेशी अंगात सोडल्या, सोबत पेम्ब्रोलिझुमॅब नावाचं औषध दिलं, अन कॅन्सर पूर्ण गेला. 2018 साली हे नेचर मेडिसिन नावाच्या संशोधनाच्या मासिकात छापून आलं तेव्हा जगभर गाजलं, गाजायलाच पाहिजे होतं. पण त्याच टीमनं 2022 साली पुढचा हिशोबही छापला. 42 बायांच्या गाठी तपासल्या, 28 जणींमध्ये कॅन्सर ओळखणाऱ्या पेशी सापडल्या, इलाज सहाच जणींना देता आला, तिघींच्या गाठी लहान झाल्या, अन पूर्ण बरी झालेली एकच, ती म्हणजे ह्याच पर्किन्स बाई. तुम्ही ती एक छापली. बाकीच्या पाच अन ज्यांना इलाज देताच आला नाही त्या सगळ्या कुठं गेल्या?

अन त्या पावडरवाल्यानं सांगितलेलं किती उलटं होतं पहा. ह्या इलाजात पेशी सोडायच्या आधी डॉक्टर स्वतःच जोरदार किमो देतात, अंगातल्या जुन्या पांढऱ्या पेशी कमी करून नव्या पेशींना जागा करायला. कॅन्सरला ओळखणारी पेशी हुडकावी लागते, नुसत्या पेशी वाढवून काही होत नाही, अन भुकटीनं तर त्याही वाढत नाहीत. एवढं दोन ओळीत लिहिलं असतं तर त्याला ते कात्रण दाखवता आलं नसतं.

कालच्या बातमीसोबत फोटो कोणता लावला तर आयआयटी मुंबई अन टाटा हॉस्पिटलच्या देशी कार-टी थेरपीचा, म्हणजे पेशंटच्याच पांढऱ्या पेशी लॅबमध्ये बदलून परत अंगात सोडायच्या. ती थेरपी आपल्या लोकांनी केली याचा मलाही अभिमान आहे, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तिला मान्यता मिळाली, पण ती रक्ताच्या काही ठराविक कॅन्सरसाठी आहे, स्तनाच्या नाही. रक्ताच्या त्या कॅन्सरमध्ये पेशीवर एक खूण असते, तिला धरून मारता येते, सोबत चांगल्या बी पेशीही (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) मरतात पण माणूस त्यावाचून जगू शकते. घट्ट गाठीच्या कॅन्सरमध्ये अशी सुटी खूण सापडणं कठीण. अशाच बदललेल्या पेशींनी हर्टू (HER2) नावाची खूण धरून पाहिली तर अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरचा एक पेशंट दगावला, कारण तीच खूण थोडीथोडी फुफ्फुसाच्या पेशींवरही असते. 2010 साली छापून आलेली गोष्ट आहे ही, लपलेली नाही.

कालची बातमी जाऊबाईंनीच माझ्याआधी वाचली. आता त्यांचं ऑपरेशन झालं आहे, गोळ्या सुरू आहेत. पेपर हातात घेऊन माझ्याकडं आल्या अन विचारलं, आता आलं का गं ते इकडं? मला परत एकदा नाही म्हणावं लागलं. त्यांचं तोंड पाहून मी तिथंच ठरवलं की तुम्हाला लिहायचं.

छापायचंच असेल तर टाटा हॉस्पिटलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1998 पासून केलेला अभ्यास छापा. दीड लाखाच्या वर बाया त्यात होत्या. ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासायच्या, मशीन नाही, सुई नाही. गाठी लवकर सापडल्या, अन पन्नाशीच्या वरच्या बायांमध्ये ह्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्के कमी झाले, 2021 साली ते जाहीर झालं. हे आमच्या उपकेंद्रात उद्या होऊ शकते. तिशीच्या वरच्या बायांची तपासणी सरकारच्या कार्यक्रमातच आहे, पण आमच्या गावात ती कधी होते हे कोणाला माहीत नाही अन तुमच्या वार्ताहरानंही कधी विचारलं नाही. छातीत गाठ आहे हे नवऱ्याला सांगायला लाजणाऱ्या बायांना ती बातमी जास्त लागते.

आता जाहिरातीचं. त्याच पानावर खाली पाव पानाची जाहिरात आहे, कॅन्सर मुळापासून बरा, विना ऑपरेशन विना किमो, अन मोबाईल नंबर. 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात कॅन्सर बरा करण्याची अशी जाहिरात करायला मनाई आहे. वर पेशींची बातमी अन खाली ही जाहिरात, वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. तुमच्या ऑफिसला फोन केला तर जाहिरात विभाग वेगळा आहे असं सांगून ठेवून दिला.

अन लिहायलाच बसली आहे तर हेही छापा, तालुक्याहून पहाटे नागपूरला जाणारी एसटी बंद झाली आहे. किमोवाले पेशंट आता काळीपिवळीत दाटीवाटीनं जिल्ह्यापर्यंत जातात अन तिथून दुसरी गाडी धरतात. ह्यावर मी आधीही पत्र टाकलं होतं, आलं नाही.

हे पत्र कात्री न लावता छापावं ही विनंती. ती जाहिरात पुढच्या रविवारी परत दिसली तर मी पूर्ण पान अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात तक्रारीसोबत नेऊन देणार आहे.

आपली,
एक वाचक शिक्षिका, जि. यवतमाळ