पगारी हसण्याचे मोजमाप

महोदय,

ग्राहकांसमोर काम करणाऱ्याने हसतमुख असावे ही अपेक्षा जुनीच. त्या हसण्याला यंत्राने गुण द्यावेत ही कल्पना मात्र जपानमध्ये प्रत्यक्षात आली. तोक्यो परिसरातील केइक्यू या रेल्वे कंपनीने २००९ साली १५ स्थानकांवर ओमरॉनने तयार केलेली हास्यमापक प्रणाली बसवली. सुमारे ५०० कर्मचाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर हसायचे, संगणकाने डोळ्यांची हालचाल, ओठांची वक्रता आणि सुरकुत्या तपासून शून्य ते शंभरपर्यंत गुण द्यायचे, आणि जो कमी पडेल त्याला ओठांचे कोपरे वर उचलण्याची सूचना करायची, असा हा प्रकार होता. (सुरकुत्याही हिशेबात धरल्यामुळे निवृत्तीकडे झुकलेल्यांचा फायदा होत होता की तोटा, याचे मला कुतूहल आहे.) २०२४ मध्ये तेथील एऑन या दुकानसाखळीने तर सुमारे २४० दुकानांत चेहऱ्याबरोबर आवाजाची पातळी आणि अभिवादनाचा सूरही तपासणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली आणली.

ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य झटका देऊन, मनात आनंदाचा लवलेश नसलेल्या माणसाच्याही चेहऱ्यावर हसू उमटवले होते. तेव्हा गुणच हवे असतील, तर कर्मचाऱ्याच्या कॉलरखाली छोटी बॅटरी बसवून ग्राहक दिसताच कळ दाबावी. प्रशिक्षणाचा खर्चही वाचेल.

थट्टा बाजूला ठेवून सांगायचे, तर समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्येच दाखवून दिले, की पगारासाठी भावना आवरणे आणि घडवणे हेदेखील श्रमच असतात. या श्रमांची दखल मोजमापात आहे, मोबदल्यात नाही. जपानमधील मॅकडोनाल्ड्सच्या दरपत्रकावर ‘स्मित : शून्य येन’ अशी नोंद गमतीने केलेली असे, पण ती वस्तुस्थितीच्या फार जवळ जाते. शिवाय हे मापन एकाच बाजूचे आहे. आरडाओरडा करणाऱ्या ग्राहकाला कोणी गुण देत नाही, आणि त्याच जपानमध्ये ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध तोक्यो प्रशासनाला स्थानिक कायदा करावा लागला, तो एप्रिल २०२५ पासून लागू आहे.

मी अनेक वर्षे बँकेच्या खिडकीमागे बसलो आहे. पगाराच्या दिवशी रांग दरवाजाबाहेर गेलेली असताना समोरच्याला रोखपालाचे दात दिसण्याशी कर्तव्य नसते. नोटा बरोबर मोजून मिळाव्यात आणि शेजारची बंद खिडकी उघडावी, एवढेच त्याला हवे असते. दुसरी खिडकी उघडायची तर माणूस नेमावा लागतो. कॅमेरा त्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि या यंत्रांच्या आकर्षणाचे खरे कारण मला तेच वाटते.

युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळता, कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावनांचा अंदाज बांधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना बंदी घातली आहे. अशी यंत्रे आपल्याकडच्या मॉलमध्ये आणि बँकांत रुळण्याआधीच, किमान त्यांच्या गुणांवरून पगारवाढ, बदली किंवा बडतर्फी ठरवता येणार नाही, अशी तरतूद राज्य शासनाने महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात करावी आणि बँकांसाठी केंद्राकडे तसाच आग्रह धरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे