स्लॅब भरायच्या आधी सही कोणाची?

मा. संपादक,

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, जिकडे बघावं तिकडे जुन्या सोसायट्या पाडून नवीन बिल्डिंगा चालल्यात आणि आपल्या पेपरात पण पुनर्विकासाच्या बातम्या सारख्या येतात, त्यात कार्पेट किती वाढणार, भाडं किती, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारा फंड किती हे सगळं असतं, पण बिल्डिंग प्रत्यक्षात उभी कोण करतं यावर कोणी दोन ओळी लिहीत नाही. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बरीच वर्षं साईटवर काढलीत. मीटिंगला लोकांशी बोललं की कळतं, त्यांना बिल्डर माहीत असतो, आर्किटेक्टचं नाव माहीत असतं आणि बाकी सगळे नुसते इंजिनिअर.

आर्किटेक्ट प्लॅन करतो, हवा-उजेड, जिना, पार्किंग, महापालिकेची मंजुरी हे त्याच्याकडे. कॉलम किती जाड, बीमला किती सळ्या, पाया कसा, हे आरसीसी कन्सल्टंट म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. त्याच्याही आधी जमीन तपासणारा वेगळा, कारण पुण्यात एका प्लॉटला चार फुटावर काळा पाषाण लागतो आणि शेजारी खणलं की काळी माती आणि मुरूम संपतच नाही. लिफ्ट, फायर, प्लंबिंगवाले अजून वेगळे.

आता खरा मुद्दा. डिझाईन कितीही चांगलं असलं तरी स्लॅब बांधतात ते सेंट्रिंगवाले (काँक्रीटचा साचा आणि टेकू लावणारे), फिटर (सळ्या बांधणारे), गवंडी आणि बिगारी, ते बहुतेक लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे, आणि ठेका स्क्वेअर फुटावर, म्हणजे काम जितकं लवकर उरकेल तितका ठेकेदाराचा फायदा. ड्रॉइंग आणि ह्या लोकांच्या मधे एकच माणूस असतो, साईट इंजिनिअर. सळ्यांभोवतीच्या रिंगांमधलं अंतर बरोबर आहे का, लॅप म्हणजे सळ्यांचे जोड कुठे आलेत, सळ्या साच्याला चिकटू नयेत म्हणून कव्हर ब्लॉक लावलेत का, टेकू घट्ट बसलेत का, आरएमसीच्या म्हणजे तयार काँक्रीटच्या गाडीत कोणी वरून पाणी मारलं का, काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरला का, ताकद तपासायचे काँक्रीटचे क्यूब भरले का, हे सगळं त्याने बघायचं. आणि पुष्कळ साईटवर हा पोरगा किंवा पोरगी नुकतीच पास झालेली असते, पगार कमी, आणि स्लॅबच्या दिवशी मुकादमापासून मॅनेजरपर्यंत सगळे मागे लागतात की गाड्या निघाल्यात, भरून टाक. आपण काम थांबवू शकतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं! म्हणून माझं म्हणणं आहे की आरसीसी कन्सल्टंटने स्टील तपासून लेखी सही केल्याशिवाय आरएमसीची ऑर्डरच द्यायची नाही.

सेंट्रिंग काढायचं पण तेच. आयएस ४५६ या काँक्रीट कामाच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटसाठी स्पष्ट दिलंय, साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या (दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याच्यापुढे १४, सहा मीटरच्या वरच्या बीमखालचे २१ दिवस ठेवायचे. दुसऱ्या साईटला साच्याच्या प्लेटा हव्यात म्हणून सेंट्रिंगवाल्याने परस्पर ते ठरवायचं नसतं.

२०१६ ला बालेवाडीत स्लॅब कोसळून ९ मजूर गेले, २०१९ ला कोंढव्यात मजुरांच्या शेडवर भिंत पडून १५ जण गेले, २०२२ ला येरवड्यात सळ्यांची जाळी कोसळून ५ मजूर गेले. प्रत्येक वेळी पेपरात आकडा आणि चौकशीचे आदेश आले. पण टेकू, जाळीचे आधार, खणलेल्या खड्ड्याच्या बाजू धरायची व्यवस्था ही जी तात्पुरती कामं असतात त्यांचं डिझाईन कोणी करायचं आणि रोज कोणी बघायचं हे वाचकाला कधी कळत नाही, आणि खूप साईटवर ते काम कोणाच्याच नावावर नसतं. जीव जातो तो मात्र नेहमी बिगाऱ्याचा.

सोसायट्यांना वाटतं आपण पीएमसी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट नेमलाय, तो बघेल. करार काढून वाचा, फिजिबिलिटी, टेंडर, बिल्डरशी बोलणी एवढ्यावरच संपतो का ते बघा, साईट सुपरव्हिजन लिहिलेलं नसेल तर तो स्लॅबवर येणार नाही आणि त्यात त्याची चूक पण नाही. रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्यामधे बिल्डरला प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीएचे दाखले लागतात, ते चांगलंच आहे, पण ते दाखले काम किती झालं आणि खर्च किती झाला याचे. ताबा मिळाल्यावर ५ वर्षं स्ट्रक्चरल दोष फुकट दुरुस्त करायची जबाबदारी बिल्डरची आहे हेही खरं, पण स्लॅबमधे कमी पडलेलं स्टील नंतर कसं घालणार?

महापालिकेने साईटच्या गेटवरच्या बोर्डवर बिल्डर आणि आर्किटेक्टसोबत आरसीसी कन्सल्टंट, साईट इंजिनिअर आणि लेबर कॉन्ट्रॅक्टर यांची नावं मोठ्या अक्षरात सक्तीची करावीत. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, पुढच्या वेळी कुठे काही पडलं तर त्या दिवशी कामाला परवानगी कोणाच्या सहीने दिली होती हे पहिल्याच बातमीत विचारा.

एक सिव्हिल इंजिनिअर, कोथरूड, पुणे