अबिस्कोहून परत आल्यावर

उप्साला,
2 फेब्रुवारी 2026

प्रिय मित्रा,

फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवला, म्हणून आता लिहायला बसलोय. आम्ही स्वीडनच्या पार उत्तरेला जाऊन आलो. अबिस्को नावाच्या गावाला. ध्रुवीय प्रकाश पाहिला. शाळेतल्या नकाशासंग्रहात आर्क्टिक वृत्ताच्या वर आपण दोघांनी पेन्सिलीने फुली मारली होती, 'जायचं तर दोघांनी मिळून' म्हणून. ती फुली मी विसरलो नव्हतो, तरी गेलो. रागवायचं तर रागव, पण आधी सगळं वाच.

माझा प्रबंध लांबत लांबत शेवटी जानेवारीत सादर झाला. त्या रात्री कॉरिडॉरच्या सामाईक स्वयंपाकघरात आम्ही चौघं बसलो होतो. अडीच वर्षं एकाच फ्रिजमध्ये आपापला कप्पा सांभाळलेली माणसं: एक ब्राझीलची, एक व्हिएतनामची, एक पोलंडचा आणि मी. दर हिवाळ्यात 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचो. आता पुढचं वर्ष उरलंच नव्हतं. तिथंच बसून तिकिटं काढली.

स्टॉकहोमहून नॉर्वेतल्या नार्विकला जाणारी रातगाडी उप्सालाला थांबते. अबिस्को सतरा-अठरा तासांवर. पहाटे बाकीचे झोपेत होते. मी खिडकीच्या काचेवरचं दव बोटाने पुसत फोनवरचा नकाशा बघत होतो. निळा ठिपका आर्क्टिक वृत्ताची, 66 अंश 33 मिनिटांची रेषा ओलांडून वर सरकला. बाहेर अंधार, बर्फ आणि काळी झाडं, बाकी काही नाही. तू हवा होतास रे तेव्हा.

वाटेत एक दिवस किरुनाला उतरलो. हे गाव लोखंडाच्या खाणीवर उभं राहिलं आणि आता त्याच खाणीमुळे हलतंय. खनिज खोल खोल काढत गेल्यामुळे वरची जमीन खचायला लागली, म्हणून गावाचं केंद्रच तीनेक किलोमीटर पूर्वेला नेलंय. 1912 मध्ये बांधलेलं लाकडी चर्चसुद्धा गेल्या ऑगस्टमध्ये चाकांवर चढवून, दोन दिवसांत पाच किलोमीटर चालवत नव्या जागी आणलं. 672 टन वजन! मोडलं नाही, सुटं केलं नाही, होतं तसंच अख्खं नेलं. आम्ही त्या तांबड्या भिंतींसमोर बराच वेळ उभे होतो. व्हिएतनामची मैत्रीण हळूच म्हणाली, 'माझी खोली दोन बॅगांत बसत नाहीये, आणि यांनी चर्च नेलं.' कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या खोल्या अर्ध्या बांधून झालेल्या होत्या.

अबिस्कोला पोचलो तेव्हा उणे 28 होतं. अशा थंडीत पहिला श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात आणि तिथंच टोचतात. पापण्या एकमेकींना चिकटतात, बोटांनी धरून सोडवाव्या लागतात. फोन खिशातून काढला की दोन-चार मिनिटांत मान टाकतो. पायाखालचा बर्फही नेहमीसारखा दबत नाही, कोरड्या साखरेसारखा करकरतो. सूर्य महिनाभर गायब राहून नुकता परत आला होता. ऐन दुपारी क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर येतो. आमच्या सावल्या इतक्या लांब पडल्या होत्या की शेवट कुठे आहे ते कळत नव्हतं.

मला सगळ्यात जास्त काय आठवत राहणार आहे, सांगू? आवाज. टोर्नेत्रेस्क नावाचा सत्तर किलोमीटर लांबीचा तलाव आहे तिथे, गोठलेला. दुसऱ्या दिवशी कडेकडेने चालत होतो आणि पायाखालून अचानक 'पिऊऽऽ' असा आवाज गेला, ताणलेल्या तारेवर कुणी टिचकी मारावी तसा. पाठोपाठ घुमत खोल जाणारं 'डुम्म'. पोलंडचा मित्र भौतिकशास्त्राचा. तो पोटावर आडवा झाला, टोपी वर करून कान बर्फाला लावला आणि आम्हालाही तसंच करायला लावलं. थंडी वाढली की बर्फ आकसतो आणि तडकतो. त्या तडकण्याचे उंच सूर बर्फातून खालच्या सुरांपेक्षा जोरात धावतात, म्हणून आधी 'पि' पोचतो आणि मागून 'ऊऽऽ' येतो, असं त्याने समजावलं. चार देशांची चार माणसं तलावावर पालथी पडून कान लावून बसलेली. कान बधिर झाला तरी उठावंसं वाटेना.

पहिल्या दोन्ही रात्री ढग. पश्चिमेकडचे डोंगर ढग अडवतात म्हणून अबिस्कोचं आकाश बऱ्याचदा मोकळं असतं, त्या भरवशावरच तर आलो होतो. तिसऱ्या रात्री साडेदहाला ब्राझीलच्या मैत्रिणीने दार ठोठावलं. बाहेर डोंगरावर राखाडी पट्टा होता, मला ढगच वाटला. तिच्या कॅमेऱ्यात मात्र तो हिरवा आला. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. मग तो पट्टा जाडावला, मधोमध वाकला आणि एकदम डोक्यावर आला, आणि आता आम्हालाही हिरवा दिसला. खालची कड गुलाबी, झपझप सरकणारी. वाऱ्याने पडदा हलावा तसं, पण आवाज शून्य. इतकी मोठी गोष्ट हलतेय आणि आवाज नाही, हे मनाला पटतच नाही. हिरवा रंग शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा, गुलाबी कड नायट्रोजनची. आपण दोघांनी पाठ केलं होतं ना हे! मला सगळं आठवत होतं आणि तरी रडू येत होतं.

मी खास होकायंत्र नेलं होतं. 1741 मध्ये इथं उप्सालातच सेल्सियस आणि त्याचा सहकारी योर्टर यांनी पाहिलं होतं, की आकाशात ध्रुवीय प्रकाश असला की चुंबकसुई हलते. तापमानाचं माप ज्याच्या नावाने ओळखतो तोच सेल्सियस. ज्या गावात ते कळलं तिथून मी आलोय, तर बघू तरी म्हटलं. माझ्या छोट्या सुईत काही हललेलं दिसलं नाही, माझा हातच इतका कापत होता. पण ते होकायंत्र हातात धरून उभा होतो तेव्हा मनात तूच होतास.

परतीच्या दिवशी दोघी नार्विकला जाणार होत्या आणि आम्ही दोघं दक्षिणेला. त्यांची गाडी आधी. फलाटावर चौघांनाही बोलायचं होतं आणि तेवढ्यात किरुनाहून नार्विक बंदराकडे निघालेली खनिजाची मालगाडी आली. आवाजात काही ऐकू येईना. ब्राझीलची मैत्रीण डबे मोजायला लागली, मग आम्हीही, बोटांवर, ओठांनी. अडुसष्ट. शेवटचा डबा गेल्यावर बर्फाची धूळ खाली बसेपर्यंत सगळे गप्प. मग तिने स्वतःचे लोकरी हातमोजे काढून माझ्या खिशात कोंबले आणि गाडीत चढली. बोलायचं ते राहिलंच.

12 तारखेला माझं विमान आहे. होकायंत्र तुझ्यासाठी आणतोय. सप्टेंबरमध्ये तिथे थंडी बरीच कमी असते आणि रात्री पुरेशा काळ्या असतात, तेव्हाही प्रकाश दिसतो. सुट्टीचं बघून ठेव. आणि तो नकाशासंग्रह तुझ्याकडेच आहे ना? फुली पुसू नकोस.

तुझाच,
मी