एक संकेतस्थळ, दोन नावे

महोदय,

वरुड-मोर्शीकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी संकेतस्थळासाठी ‘.इन’सोबत ‘.भारत’ हे देवनागरी नावही जरूर घ्यावे. मात्र दोन्ही नावांवर तीच पाने वेगवेगळी उघडू देऊ नयेत. तसे झाले तर गूगलसारख्या शोधयंत्राला एकाच साइटच्या दोन प्रती दिसतात. एक नाव मुख्य ठरवावे. दुसऱ्याच्या डीएनएसमध्ये (नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणाऱ्या नोंदींत) ए रेकॉर्ड या नोंदीला त्याच सर्व्हरचा आयपी, म्हणजे आकडी पत्ता द्यावा, होस्टिंगमध्ये, म्हणजे साइट ठेवलेल्या सेवेत, ते नाव जोडून ३०१ रीडायरेक्ट (मुख्य नावाकडे कायमचे वळवणे) लावावा. सेटिंगमध्ये देवनागरी घेतले नाही, तर त्याच नावाचे ‘xn--’ने सुरू होणारे इंग्रजी अक्षरांतले रूप भरावे. खरा घोळ एसएसएलचा, म्हणजे साइट सुरक्षित असल्याची खात्री ब्राउझरला देणाऱ्या प्रमाणपत्राचा. प्रमाणपत्रात दुसरे नाव नसेल, तर रीडायरेक्ट होण्याआधीच ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो अन् संत्र्याचा व्यापारी तिथूनच परत फिरतो. आणि हो, दोन्ही नावांची नोंदणी कंपनीच्याच नावे हवी, साइट बनवून देणाऱ्याच्या नव्हे.

– एक वाचक, वरुड, जि. अमरावती