भूक लागायची वाट बघू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मनाली-लेह सायकल सफरीचे डबे अवधूतकडे दिलेत. शनिवारी रात्री तो स्वारगेटला उतरला की तुला फोन करेल. परवा तू म्हणालीस, बाबा, मनालीत सगळं मिळतं, उगाच ओझं करू नका. मिळत असेल. तरी पाठवतोय. ने.

आईने बजावलंय की पत्रात खाण्यावरून काही लिहू नका, पोर चिडते. नाही लिहीत. डब्यांत काय काय आहे तेवढंच सांगतो.

बटरपेपरात गुंडाळल्यात त्या खजुराच्या वड्या. पाव किलो बिनबियांचा खजूर चमचाभर तुपावर मंद आचेवर परतला, त्याचा गोळा झाला की त्यात शेंगदाण्यांचा भरड कूट, तीळ, भाजलेलं जवस, मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या आणि तुपात फुलवून वाटीने चुरलेला डिंक घातला. मीठही आहे, आणि ते चिमटीपेक्षा जास्तच आहे. घामावाटे जाणारं मीठ भरून निघायला हवं. गुळाचा पाक मुद्दाम टाळला. वाटेतल्या सरचूच्या थंडीत तो दगड होतो आणि सायकलवर बसून तू तो फोडणार कशाने? खजूरही थोडा कडक होईलच, म्हणून त्या दिवसाच्या वड्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव, अंगाच्या उबेने मऊ राहतील. पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही, पंधरा दिवस आरामात टिकतील.

एकेक वडी काट्यावर तोलून ४० ग्रॅमची कापलीय. तुमच्या ग्रुपच्या डॉक्टरांनी सांगितलेलं माझ्या लक्षात आहे: दीड-दोन तास सलग दामटली की अंगात साठवलेली साखर संपत येते, म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका वडीत २० च्या आसपास असतील. म्हणजे तासाला दोन. भूक असो वा नसो, दोन.

बघ, आलंच शेवटी. पण पसरणी घाटाचं माझ्या डोक्यातून जात नाही मनू. पहाटेपासून नुसत्या चहावर तू वाईपर्यंत आलीस आणि वर वळणावर सायकलसकट आडवी झालीस. का खाल्लं नाहीस विचारलं तर म्हणे भूक नव्हती. तिकडे उंचावर तर भल्याभल्यांची भूक मरते. बारालाचा ला खिंड ४८०० मीटरच्या वर आहे, तिथे तुला भूक लागेल याची वाट बघत बसलीस तर ती लागणारच नाही. आत्याचं काय झालं ते तुला माहीत आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

कोयनानगरला गाडी लागली की मी आधी डबा सोडायचो. कुंभार्ली घाटात शिरायचं म्हणजे दोन घास पोटात हवेतच. मागे गाडीभर माणसं बसलेली असायची. मे महिन्यात तू बॉनेटवर असायचीस. आईच्या दशम्या, लसणीची चटणी, आणि शेवटी चिक्की. त्यातले दाणे तेवढे तू कोरून खायचीस आणि उरलेला गूळ गुपचूप माझ्या खाकी शर्टाच्या खिशात टाकायचीस. चिपळूणपर्यंत तो वितळून खिशातली कागदपत्रं चिकटलेली. पोफळीकडे उतरताना तुला मळमळायचं, मग आवळासुपारी. एवढ्याशा घाटात तोंड कसनुसं करून बसणारी पोर आता स्वतःच्या पायांनी लेहपर्यंत जाणार आहे, मला अजून खरं वाटत नाही.

डेपोत गेलो होतो तेव्हा सगळ्यांना सांगितलं. कळसूबाई १६४६ मीटर, आणि तुझ्या वाटेवरची तांगलांग ला खिंड ५३०० च्या वर, तिपटीहून जास्त. कागदावर आकडे लिहूनच नेले होते. कंट्रोलरने तो कागद दोनदा वाचला. पण मी घाट चढवायचो तेव्हा माझ्या पायाखाली इंजिन होतं आणि डिझेल महामंडळाचं होतं. तुला सगळं स्वतःच्या अंगातून काढायचंय.

दुसऱ्या डब्यात तिखट आहे. तिसऱ्या दिवशी गोडाचा कंटाळा येतोच, आणि कंटाळा आला की तू काहीच खात नाहीस. तिखटमिठाच्या पुऱ्या मनालीपर्यंत संपवून टाक. भाजक्या पोह्यांच्या चिवड्यात खोबरं घातलेलं नाही, ते खवट होतं. डाळं आणि शेंगदाणे भरपूर आहेत. गूळपोळ्या आईने ऐन आषाढात लाटल्या, खास तुझ्यासाठी, त्या आठवडाभर छान राहतात.

पिशवीत सातूचं पीठ आहे, गूळपूड आणि सुंठ मिसळून. सरचूला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तंबूतली डाळ बोटचेपी होत नाही, भात कचवट राहतो. सातूला शिजवणं नको, कोमट पाण्यात कालवायचं की झालं. रात्री जेवण गेलं नाही तर निदान तेवढं पी. पेलाभर.

डोकं ठणकायला लागलं, उलट्या व्हायला लागल्या, तर मात्र माझी वडी कोंबू नकोस आणि वरही चढू नकोस. थांब, म्होरक्याला सांग. कमी होत नसेल तर खाली उतर. लेह पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

पुन्हा भाषण झालं, माफ कर. तू तयारी चोख केली आहेस, रोज पहाटे उठून सिंहगडाचा रस्ता चढतेस, हे मला अवधूतने सांगितलं. तू सांगितलं नाहीस. सांगत जा. ऐकायला बरं वाटतं.

लडाखात बाहेरचं प्रीपेड कार्ड चालत नाही. ग्रुपमध्ये पोस्टपेड कुणाचं आहे त्याचा नंबर आईला पाठवून ठेव. तुझा फोन येईपर्यंत ती झोपत नाही, आणि मीही.

तुझा,
बाबा

ता. क. निळा डबा काकूचा आहे, परत आण. आणि वड्यांची पुडी तुमच्या मागून येणाऱ्या गाडीतल्या सामानात टाकू नकोस. चढावर हात पोचेल तिथे ठेव.